दांडी वाकवली म्हणून गाडी बाटत नाही

आमच्या नाकाडोंगरीच्या घरी, अंगणातल्या कडुनिंबाखाली एक जुनी जीप उभी असते. जीप म्हणायचे ते सवयीने. खरे तर ती पिकअप आहे. लांब चासी, पुढे दोघातिघांची जागा आणि मागे बाकांऐवजी पत्र्याचा व लाकडी फळ्यांचा हौदा. महिंद्राची, १९७२ सालची. खाणीच्या कामावरच्या एका ठेकेदाराकडून बाबांनी ती १९७९ मध्ये घेतली. तेव्हापासून धानाचे कट्टे, तणस, लग्नाचे वऱ्हाड, अडलेल्या बाळंतिणी आणि एकदा तर शाळेची बाके, सगळे काही तिने वाहिले. या गाडीच्या गियरच्या दांडीवरून गेल्या दिवाळीत आमच्या घरात आठवडाभर वाद झाला. वाद घरातला होता, पण त्यातला प्रश्न पुष्कळ घरांतला आहे, म्हणून तो येथे मांडते.

प्रश्न असा, की जुने यंत्र जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे? ते कारखान्यातून निघाले तसेच्या तसे, की ते ज्याच्या हातात आहे त्याच्या कामी येत राहील असे?

नाकाडोंगरी हे तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे गाव. पलीकडे बालाघाट जिल्हा. जवळच डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची उघडी खाण. तिथल्या काळ्या मातीसारख्या दिसणाऱ्या खनिजातून आपल्या टॉर्चच्या सुक्या सेलला लागणारा मॅंगनीज डायऑक्साइड मिळतो. खाण, जंगल आणि धानाच्या बांध्या अशा तिन्ही प्रकारच्या वाटांवर चालेल असे वाहन त्या काळात एकच होते, ते म्हणजे जीप. म्हणून ती आमच्याकडे शौकाने आली नाही, कामाने आली. हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

बाबांचे वय ७६. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात धुऱ्यावरून पाय घसरला आणि ते डाव्या खांद्यावर पडले. हाड मोडले नाही, पण खांदा आखडला. हात वर जातो, पुढे जातो. मात्र बाजूला लांबवून मागे ओढायची वेळ आली की कळ येते. आणि आमच्या गाडीचा पहिला गियर नेमका तिथेच आहे.

या गाडीला पुढचे तीनच गियर. दांडी थेट गियरपेटीच्या झाकणातून वर आलेली. पहिला आणि रिव्हर्स डावीकडे. दुसरा आणि तिसरा उजवीकडे. पहिला टाकायचा तर दांडी डावीकडे न्यायची आणि मागे ओढायची. मूळ विलिस जीप अमेरिकेची. तिथे चालक गाडीत डावीकडे बसतो, दांडी उजव्या हाताने हलवतो. त्याच्या दृष्टीने पहिला गियर जवळ, मांडीपाशी येतो. आपल्याकडे चालक उजवीकडे सरकला, स्टिअरिंग उजवीकडे आले, पण पेटीतली रचना तीच राहिली. परिणामी पहिला गियर चालकापासून लांबच्या कोपऱ्यात गेला. धडधाकट माणसाला हे जाणवतही नाही. बाबांनाही ४० वर्षे जाणवले नाही.

शिवाय या पेटीचा पहिला गियर जुन्या धर्तीचा. दुसऱ्या-तिसऱ्याला वेग जुळवून घेणारी सोय आहे, पहिल्याला नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा म्हटले तर डबल क्लच मारावा लागतो, नाहीतर दात कर्रकन ओरडतात. तीस कट्टे भरून चढावर गाडी उभी राहिली, की पहिल्याशिवाय गत्यंतर नाही. गेल्या हंगामात एकदा अशाच चढावर बाबांचा हात अडकला, गियर अर्धवट पडून निसटला आणि गाडी हातभर मागे सरकली. मागे कोणी नव्हते, म्हणून निभावले. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत.

दिवाळीला सगळे जमले तेव्हा तीन मते पडली. आई म्हणाली, गाडी विकून टाका. बाबा म्हणाले, दांडी थोडी वाकवून माझ्याकडे आणा, बाकी मी पाहतो. आणि पुण्याहून आलेला माझा भाचा, ज्याला जुन्या गाड्यांचा भारी नाद, तो कळवळून म्हणाला, "आबाजी, दांडीला हात लावू नका. गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे. तिला विंटेजचा नंबर मिळेल. मूळ भाग बदलला की तिची किंमत गेली."

भाच्याचे म्हणणे हवेतले नव्हते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी वाहने त्यात येतात. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. हे सर्व ठीक. पण त्याच नियमांत आणखी एक कलम आहे: असे वाहन रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती, तांत्रिक अभ्यास अशा कारणांसाठीच ते बाहेर काढायचे. म्हणजे आमच्या पिकअपला मान मिळणार, पण काम जाणार. बाबा ऐकून एवढेच म्हणाले, "म्हणजे पेन्शनीत काढता म्हणा की तिला. अन् मलाही."

मग आरसी बुक काढले गेले आणि वादातली हवाच निघाली. पेट्रोल महाग झाले म्हणून बाबांनी १९८४ मध्ये या गाडीचे मूळ इंजिन उतरवून डिझेलचे बसवले होते, रीतसर नोंद करून. ही नोंद भाच्याने कधी पाहिलीच नव्हती. इंजिनच परके असलेल्या गाडीच्या दांडीचे सोवळे आम्ही आठवडाभर पाळत होतो!

पण विनोद बाजूला ठेवू. भाच्याच्या आग्रहात एक खरा विचार आहे आणि तो खोडून काढणे मला प्रशस्त वाटत नाही. आपल्याकडे जुन्या वस्तू दोनच मार्गांनी संपतात: भंगारात, नाहीतर हौसेपोटी इतक्या बदलून की मूळ काय होते ते कोणाला आठवू नये. जीपना रुंद टायर, चकाकते दिवे आणि कवटीच्या आकाराची गियरची मूठ लावून त्यांचे सोंग करणारे लोक आपण पाहतोच. अस्सल वस्तू कोणीतरी अस्सल ठेवलीच पाहिजे. नाहीतर पुढच्या पिढीला आपण दाखवणार काय?

प्रश्न आहे तो अस्सल कशाला म्हणायचे याचा. जीपच्या दांडीचाच इतिहास पाहा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपला दांडी जमिनीवर, पेटीच्या झाकणात होती. युद्ध संपले, विलिस कंपनीने १९४५ मध्ये नागरी वापरासाठी सीजे-२ए नावाची जीप काढली आणि तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत दांडी उचलून स्टिअरिंगच्या खांबावर नेली. वर्षभरात, १९४६ मध्ये, कंपनीने ती पुन्हा जमिनीवर आणली. म्हणजे ज्यांनी गाडी घडवली त्यांनीच पाच वर्षांत दोनदा दांडीची जागा बदलली. आपल्याकडे अँबेसिडरचेही तसेच. तीन माणसे पुढे बसावीत म्हणून तिचा गियर बरीच वर्षे स्टिअरिंगजवळ होता. १९९० च्या दशकात इसुझूचे इंजिन घेऊन आलेल्या अँबेसिडरला तो जमिनीवर आला. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीत डाव्या हाताने खांबावरची दांडी वरखाली करणारे चालक आपल्या आठवणीत आहेत. त्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. दांडी ही गाडीतली सर्वात फिरती वस्तू आहे. कारण ती गाडीची कमी आणि माणसाच्या हाताची जास्त असते.

आमच्याकडे शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. नांगराचे रुमणे धरणाऱ्याच्या उंचीप्रमाणे सुतार बसवत असे. बापाच्या नांगरावर मुलगा उभा राहिला की रुमणे खालीवर होई. विळ्याची मूठ हाताला लागत असेल तर ती तासून घेतात. जात्याचा खुंटा झिजला तर नवा ठोकतात, आणि त्याने जाते बाटले असे कोणी म्हणत नाही. मग लोखंडाच्या बाबतीतच आपण इतके सोवळे का होतो?

अखेर गाडी तुमसरच्या मिस्त्रींकडे नेली. जुन्या जीपांवर त्यांचे आयुष्य गेलेले. त्यांनी दांडी हातात धरून गदागदा हलवली आणि म्हणाले, "काकाजी, दांडी वाकवाची घाई नोका करू. आधी पेटी पाहू द्या. दुखणं पोटात अन् लेप पाठीला, असं नाही करत आपण."

ते ऐकले हे फार बरे झाले. झाकण उघडल्यावर दिसले ते असे. गियर सरकवणाऱ्या दांड्यांवर खाचा असतात. त्या खाचांत स्प्रिंगच्या दाबाने एक गोळी बसते. गियर पडला की हाताला जो 'टक्' लागतो तो हा. आमच्या स्प्रिंगा दमल्या होत्या, म्हणून दुसरा गियर धक्क्याने सुटत असे. गियर ढकलणारा काटा झिजला होता. दांडीचे खालचे टोकही झिजून गोल झाले होते, त्यामुळे वर हात वीतभर हलवला तरी खाली निम्मीच हालचाल पोचत होती. भरीस क्लच पूर्ण सुटत नव्हता. म्हणजे बाबांचा खांदा दुखत होता हे खरे, पण सगळा दोष खांद्याचा नव्हता. वर्षभर आम्ही म्हातारपणाला नावे ठेवत होतो. त्यातले निम्मे म्हातारपण गाडीचे होते.

गोळ्या, स्प्रिंगा, काटा बदलला, क्लच जुळवला. मग दांडी. येथे थोडे गणित सांगते, कारण पुष्कळ लोक इथेच फसतात. गियरची दांडी म्हणजे तरफ. समजा टेकूच्या वर ती ४० सेंटिमीटर आहे आणि खाली ५. हाताचा जोर खाली आठपट होतो. वरची लांबी ५० केली, तर तो दहापट होतो. म्हणजे हाताला एक-पंचमांश जोर कमी लागतो. पण फुकट काही मिळत नाही: तोच गियर टाकायला हाताला सव्वापट अंतर जावे लागते. शहरातली मुले दांडी तोकडी करून घेतात, त्यांचे उलटे. अंतर कमी, जोर जास्त. बाबांना जोराची अडचण नव्हती, अंतराची होती. म्हणून मिस्त्रींनी लांबी तेवढीच ठेवली आणि दांडी टेकूच्या बरीच वर उजवीकडे व थोडी पुढे वाकवली. त्यामुळे चारही जागा मिळून चालकाकडे सरकल्या, आणि पहिल्यासाठी हात पाठीमागे जाण्याचे थांबले.

आणि हे त्यांनी मूळ दांडीवर केले नाही. जुन्या सामानातून तशीच दुसरी दांडी शोधली. टेकूजवळ आच लावली नाही, जोड दिला नाही. कारण तिथे वेल्डिंग केलेली दांडी भर रस्त्यात हातात येऊ शकते. बसवल्यावर गाडी उभी असतानाच चारही जागी दांडी पूर्ण टोकापर्यंत जाते का, दुसऱ्याला डॅशबोर्डला आणि तिसऱ्याला सीटला अडते का, बाजूच्या फोर-व्हीलच्या दांड्यांना लागते का, हे तपासले. दांडी कुठे अडली तर गियर अर्धाच बसतो. आणि अर्धा बसलेला गियर न बसलेल्यापेक्षा वाईट. ते आमच्या चढावर आम्ही पाहिले होते.

या सगळ्या प्रकारातून मी स्वतःपुरते तीन नियम काढले आहेत. जुन्या यंत्राला हात लावणाऱ्याने आधी दुखणे शोधावे, मग अवजार उचलावे. केलेला बदल एका दुपारी उलटा करता आला पाहिजे, आणि काढलेला मूळ भाग जपून ठेवला पाहिजे. आणि ज्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्या ब्रेक, स्टिअरिंग, चासी यांच्याशी हौसेने खेळू नये. एवढे पाळले तर भाच्याचे अस्सलपण आणि बाबांचा खांदा, दोघेही एका गाडीत बसू शकतात.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा फेरफार करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितले. दांडीचा बाक हा काही आरसी बुकातला तपशील नाही. तरीही शंका असेल तर आधी आरटीओत विचारावे; नंतर विचारण्यापेक्षा ते स्वस्त पडते. मात्र त्याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीसाठी अनुरूप करून घेतलेल्या वाहनाची व्याख्या आहे, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. म्हणजे गाडीने माणसाच्या शरीराशी जुळवून घ्यावे, हे तत्त्व कायद्याला मान्यच आहे. मग ते आपल्या मनाला इतके अवघड का जावे?

माझी तक्रार आहे ती अशी, की जुन्या गाड्यांसाठी आपण आज दोनच कप्पे केले आहेत. एक विंटेजचा, शोभेचा, दुसरा भंगाराचा. मधल्या, कामावर असलेल्या गाड्यांसाठी नुसता वाढता खर्च. पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाले. धूर ओकणाऱ्या, ब्रेक न लागणाऱ्या गाड्या रस्त्यावर नकोतच. त्यांची कड मी घेत नाही. तपासणी कडक करा, पण तपासणी गाडीची करा, तिच्या जन्मतारखेची नव्हे. जी गाडी तपासणीत उतरते आणि महिन्याकाठी शे-दोनशे किलोमीटर धान वाहते, तिला आपल्या हिशेबात कुठेतरी जागा हवी.

आता "७६ व्या वर्षी गाडी चालवावीच कशाला?" हा प्रश्न. तो आईने विचारला आणि त्याला मी उत्तर टाळले नाही. पंचावन्न वर्षांपुढे परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो आणि नूतनीकरणाला वैद्यकीय दाखला लागतो. बाबांचा परवाना चालू आहे, नजर चांगली आहे. आम्ही घरात ठरवले: दिवसा, शेत ते गिरणी, आणि शेजारी कोणीतरी बसलेले. बाबांनी ते मान्य केले, तोंड वाकडे करूनच.

आणि शेवटी एक गोष्ट, जी मी भाच्याला त्या आठवड्यात सांगू शकले नाही, कारण ती मलाच नंतर कळली. मी एकोणीस वर्षांची असताना ही गाडी शिकायचा हट्ट धरला होता. दोन दिवस बाबांनी शिकवली. मी बुटकी, पहिला गियर टाकायला मला सीटवरून अर्धे उठावे लागे. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "राहू दे पोरी, तुझा हात पोचत नाही." त्यात राग नव्हता. भावाला मिसरूड फुटताच ती गाडी आली, मला नाही. पुढे मी नागपुरात स्कूटर शिकले, मोटार शिकले, घाटातून चालवली. पण ही गाडी माझ्या हाताबाहेरची, हे मनात पक्के बसून राहिले.

मिस्त्रींकडून गाडी आली त्या संध्याकाळी ती कडुनिंबाखाली लावायची होती आणि बाबा हातपाय धूत होते. मी बसले. क्लच दाबला, हात टाकला. पहिला पडला. टक्. उठावे लागले नाही.

तीस वर्षे आम्ही सगळे हाताला तोकडा म्हणत आलो. दांडी कोणाच्या मापाने घडली आहे, हे कोणी मोजून पाहिले नाही. बाबांनी नाही, भावाने नाही आणि मीही नाही. बाबांचा खांदा आखडला नसता, तर ते कधी मोजले गेलेही नसते. आपल्या घरात, कचेरीत, स्वयंपाकघरात अशा किती दांड्या असतील, ज्यांच्यापायी आपण माणसाला उणे ठरवले आणि वस्तूला तशीच ठेवली? ओट्याची उंची, बसची पायरी, बँकेची खिडकी. आधी दांडी मोजावी, मग हात. एवढेच मला म्हणायचे आहे.

बाबा पायऱ्यांवरून पाहत होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गिरणीला निघताना मात्र गाडीला वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "चढावर आधीच पहिला टाकजो. वाट नको पाहू."

मूळ दांडी तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ओसरीतल्या खुंटीवर टांगली आहे. भाच्याने तिला चिठ्ठी बांधली आहे, साल आणि गाडीचा नंबर लिहून. त्याला वाटेल तेव्हा त्याने ती बसवावी. धानाचा हंगाम संपल्यावर.